वाऱ्याचं फूल आणि जनसुनावणी

कारखान्याच्या पर्यावरण अहवालात पाकळ्यापाकळ्यांची एक गोल आकृती असते. जनसुनावणीला आलेली माणसं ते पान उलटून पुढे जातात. सुरुवातीची काही वर्षं मीही तेच केलं. तिला 'विंड रोज' म्हणतात. आपण वाऱ्याचं फूल म्हणू.

या फुलाची मुळं जुनी आहेत. अथेन्समधला अष्टकोनी 'वाऱ्यांचा मनोरा' दोन हजार वर्षं उभा आहे, आठ बाजूंना आठ वारे कोरलेले. आपल्याकडे तर वायव्य दिशेचं नावच वायूवरून आलं. पण कोणत्या दिशेनं किती वेळा वारा आला, हे मोजून गोलावर मांडलं ते लिओं लालान या फ्रेंच अभियंत्यानं, १८४३ मध्ये. पुढे १८५८ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं अशीच गोल आकृती काढून ब्रिटिश सरकारला दाखवलं, की क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले. म्हणजे हे चित्र जाब विचारायलाही वापरलं गेलंय.

आज हे फूल काढायला अभियंता लागत नाही. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात इहाका आणि जंटलमन यांनी १९९० च्या दशकात 'आर' ही संगणकभाषा तयार केली. ती फुकट आहे. तिच्यातलं 'ओपनएअर' पॅकेज वेग आणि दिशेचे आकडे दिले की क्षणात फूल काढून देतं.

मात्र वाचताना तीन ठिकाणी फसगत होते. एक, पाकळी वारा जिकडून येतो ती दिशा दाखवते. पाकळी नैऋत्येला असेल तर धूर ईशान्येच्या गावात जाणार. दोन, दिशांची साधी सरासरी चालत नाही. ३५० आणि १० अंश, दोन्ही जवळपास उत्तरच, पण सरासरी १८० येते, म्हणजे थेट दक्षिण! तीन, अहवालातली मोजणी बऱ्याचदा पावसाळा सोडून एकाच हंगामाची असते. आपल्याकडे पावसाळ्यात वारा दिशाच बदलतो. मग एका हंगामाच्या फुलावर वर्षभराचा भरवसा कसा ठेवायचा?

१९८४ च्या डिसेंबरमधली भोपाळची रात्र आठवा. टाकीतून वायू सुटला आणि वारा झोपलेल्या वस्त्यांकडे वाहत होता. कोण मरणार, हे त्या रात्री वाऱ्याच्या दिशेवरही ठरलं.

म्हणून पुढच्या जनसुनावणीत ते पान उलटू नका. उभं राहून एवढंच विचारा: साहेब, हे फूल कोणत्या महिन्यांचं, आणि आमचं गाव कोणत्या पाकळीच्या समोर येतं?