करडई : एका ओलीवर येणारं पीक, पण पेरणीची वेळ आणि माव्यावरची नजर चुकली की हातचं जातं

सोलापूर : परतीचा पाऊस थांबला, रानाला वापसा आला की जिल्ह्यात रब्बी ज्वारी आणि हरभऱ्याची घाई सुरू होते. याच दिवसांत पेरायचं, पण गेल्या काही वर्षांत मागं पडलेलं पीक म्हणजे करडई. गावाकडं हिला करडी म्हणतात. पूर्वी ज्वारीच्या रानाला कडेनं करडीच्या ओळी नाहीत असं शेत दिसत नव्हतं. काट्यामुळं जनावर आत शिरत नसे, घरच्या तेलाचीही सोय व्हायची. १९८० च्या दशकाच्या अखेरीस देशातलं करडईचं क्षेत्र दहा लाख हेक्टरच्या घरात होतं. आता ते एक लाख हेक्टरच्या आत आलं आहे. काढणीचे काटे, मजुरांची टंचाई, मावा आणि पाणी आलं तिथं ऊस, ही त्याची मुख्य कारणं.

तरीही कमी पाण्याच्या रानासाठी या पिकाला सहजासहजी पर्याय सापडत नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारनं दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत बार्शी, करमाळा, माढा, माळशिरस आणि सांगोला हे आपल्या जिल्ह्यातले पाच तालुके होते. अशा वर्षी पावसाची वाट न बघता जमिनीतल्या ओलीवर काय येईल, हा खरा प्रश्न असतो.

पाण्याविना तग कशी धरते?

करडई मूळची पश्चिम आशियातल्या कोरड्या भागातली. इजिप्तच्या जुन्या थडग्यांतही तिची फुलं सापडली आहेत. तिचं सोटमूळ सरळ खाली जातं. जमीन खोल असेल तर दोन मीटरच्याही खाली पोचतं आणि जिथं ज्वारीचं मूळ जात नाही तिथली ओल ओढतं. पहिला महिनाभर झाड जमिनीलगत पानांचा गुच्छ करून बसतं. वरून वाढ दिसत नाही, त्यामुळं काही जण पीक बसलं म्हणून नाराज होतात. पण त्या काळात मूळ खाली जात असतं. नंतर पानं जाड आणि काटेरी होतात, त्यामुळं पाणी कमी उडतं.

सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र १९३३ मध्ये सुरू झालं. पुढं महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या इथल्या केंद्रानं करडईवर बरंच काम केलं. 'भीमा' हा जुना, कोरडवाहूत टिकणारा वाण इथलाच. फुले कुसुमा, फुले चंद्रभागा, फुले नीरा, फुले भिवरा हे विद्यापीठाचे पुढचे वाण. परभणीचा पीबीएनएस-१२ म्हणजे परभणी कुसुमही चालतो. बिनकाट्याचा हवा असेल तर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा 'नारी-६' आहे.

रान कसं हवं?

मध्यम ते भारी काळी जमीन, खोली साठ सेंटिमीटरपेक्षा जास्त, आणि पाणी निचरणारी. मुरमाड, उथळ माळावर करडई टाकून उपयोग नाही, कारण खाली मुळाला ओलच मिळत नाही. उजनीच्या कालव्याखाली काही रानं खारवट झाली आहेत. खारटपणा करडई बऱ्यापैकी सोसते. पण पाणी साचलं की मूळ कुजतं आणि झाड उभं वाळतं. त्यामुळं चिबड रानात ती घेऊ नये.

पेरणी : इथंच निम्मा निकाल लागतो

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा ही वेळ. कोरडवाहू रानात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलेली सगळ्यात चांगली. लवकर पेरलं आणि मोठा पाऊस झाला तर मर आणि पानावरचे ठिपके येतात. उशीर झाला तर ओल खाली जाते आणि पीक कोवळं असतानाच माव्याच्या तावडीत सापडतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीना नदीला पूर आला आणि काठच्या अनेक रानांत पाणी शिरलं. अशा वर्षी वापसाच उशिरा येतो. मग उशिरा पेरलेल्या रानात माव्याकडं दुप्पट लक्ष द्यावं लागतं.

- बियाणं : एकरी चार ते पाच किलो.
- अंतर : दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, दोन झाडांत २० सेंटिमीटर. या अंतरानं एकरात साधारण ४५ हजार झाडं बसतात.
- बीजप्रक्रिया : किलोला ३ ग्रॅम थायरम चोळावं. जैविक करायचं तर ट्रायकोडर्मा, त्यानंतर ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत लावून सावलीत सुकवावं.
- खत : कोरडवाहूला एकरी २० किलो नत्र आणि १० किलो स्फुरद. म्हणजे युरियाची ४५ किलोची एक गोणी आणि सिंगल सुपर फॉस्फेट साधारण ६२ किलो. सुपर फॉस्फेटमधून गंधकही मिळतं, ते तेलबियांना लागतं. सगळं खत पेरतानाच दोन चाड्यांच्या पाभरीनं बियाच्या खाली पडेल असं द्यावं. वरून फेकलेलं खत कोरड्या मातीत तसंच पडून राहतं.

एकट्या करडईची जोखीम नको असेल तर हरभऱ्याच्या सहा ओळी आणि करडईच्या तीन ओळी अशी पेरणी करता येते. एक पीक बसलं तरी दुसरं हाती राहतं.

विरळणी आणि कोळपणी

उगवण झाल्यावर दहा-पंधरा दिवसांत विरळणी करावी. एका जागी एकच जोमदार रोप ठेवावं. दाट राहिलेली झाडं एकमेकांची ओल खातात आणि बोंडं बारीक राहतात. उपटलेली कोवळी रोपं टाकून द्यायची नाहीत. करडीच्या पाल्याची भाजी, लसूण-मिरचीची फोडणी, शेंगदाण्याचा कूट आणि ज्वारीची भाकरी हा आपल्याकडचा त्या दिवसांतला ठरलेला बेत आहे. मात्र फवारणी झालेल्या रानातला पाला खायला घेऊ नये.

पहिली कोळपणी २५-३० दिवसांनी, दुसरी ४५-५० दिवसांनी. काळ्या रानाला भेगा पडायला लागल्या की त्यातून ओल उडून जाते आणि मुळंही तुटतात. कोळप्यानं वरची माती मोकळी केली की भेगा बुजतात. पाणी नसलेल्या शेतकऱ्याच्या हातात पाणी राखायचा हाच एक स्वस्त उपाय आहे. झाडं मोठी होऊन काटे आले की बैल आत जात नाहीत, म्हणून हे काम वेळेत उरकावं.

विहिरीला थोडं पाणी असेल तर पहिलं ३०-३५ दिवसांनी आणि दुसरं ५५-६० दिवसांनी, कळ्या धरताना द्यावं. एकच पाणी असेल तर ते भेगा पडायच्या आत, हलकं द्यावं. मोठ्या भेगा पडलेल्या रानात पाणी सोडलं तर ते भेगांतून मुळाशी तुंबतं आणि मर लागते. वाळायला लागलेलं पीक वाचवायला दिलेलं पाणीच मग पिकाचा जीव घेतं.

मावा : रोजची फेरी चुकवू नका

करडईचा सगळ्यात मोठा शत्रू काळा मावा. थंडी पडली, त्यात आभाळ आलं की तो झपाट्यानं वाढतो. शेंड्यावर आणि पानाखाली बसून रस शोषतो. पानं चिकट होतात, मग त्यावर काळी बुरशी चढते. सुरुवात बहुतेक वेळा बांधाकडच्या झाडांपासून होते. म्हणून पीक महिन्याचं झालं की दोन-तीन दिवसाआड चारही बांधांनी फेरी मारून शेंडे बघावेत. कडेलाच मावा दिसला तर तेवढाच दोन मीटरचा पट्टा फवारला तरी पुष्कळदा पूर्ण रानाची फवारणी वाचते.

सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क मारावा. लेडीबर्डचे ठिपकेदार भुंगे आणि त्यांच्या अळ्या भरपूर दिसत असतील तर थोडं थांबावं, ते मावा खातात. प्रमाण वाढलं तर डायमेथोएट ३० टक्के, दहा लिटर पाण्यात १३ मिली, ही फवारणी चालते. डब्यावरचं लेबल वाचून आणि गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारूनच औषध घ्यावं. तोंडाला फडकं, हातात मोजे असल्याशिवाय पंप उचलू नये. फुलोऱ्यात मधमाश्या असतात, तेव्हा फवारणी टाळावी. अगदीच गरज पडली तर संध्याकाळी करावी.

बिनकाट्याचा वाण घेतला तर आणखी एक राखण लागते. नान्नजसारख्या माळरानाच्या भागात काळविटांचे कळप रानात उतरतात. काटेरी करडईसुद्धा पहिला महिना कोवळीच असते, तोवर तिलाही राखावं लागतं.

काढणी, तेल आणि पाकळ्या

साधारण १२० ते १४० दिवसांत पानं आणि बोंडं तपकिरी होऊन वाळतात. हातानं काढायचं तर पहाटे लागावं, दवानं काटे मऊ पडलेले असतात. हाताला मोजे किंवा जाड फडकी बांधावीत. कडक उन्हात काढलं तर काटेही टोचतात आणि बीही गळतं. आता गहू काढायच्या कंबाइन हार्वेस्टरनंही करडई निघते, त्यामुळं मजुरांची मोठी अडचण कमी झाली आहे. पण मशीन एक-दोन एकरासाठी येत नाही. शेजारच्या चार-पाच जणांनी एका पट्ट्यात पेरणी केली तर ते परवडतं. हे पेरणीआधीच ठरवायला हवं.

कोरडवाहूत नीट सांभाळलेल्या रानात एकरी चार ते पाच क्विंटल उतारा मिळू शकतो. केंद्राचा हमीभाव २०२५-२६ च्या विक्री हंगामाला क्विंटलला ५,९४० रुपये होता, २०२६-२७ साठी तो ६,५४० रुपये जाहीर झाला. चार क्विंटलचे या भावानं २६,१६० रुपये होतात. मात्र बाजारात हमीभाव मिळेलच असं नाही, म्हणून विकण्याआधी दोन-तीन बाजार समित्यांचा भाव विचारावा. जुन्या वाणांत तेल २८ ते ३० टक्के असतं, काही नव्या वाणांत त्याहून जास्त. लाकडी घाण्यावर सगळं तेल निघत नाही, काही पेंडीत राहतं. ती पेंड जनावराला किंवा रानाला कामी येते.

फुलं पिवळी उमलतात आणि नंतर केशरी-लाल होतात. बी धरल्यावर, पाकळ्या सुकायला लागल्या की त्या वेचल्या तरी बियाचा उतारा कमी होत नाही. त्या सावलीत वाळवून रंगासाठी, काढ्यासाठी विकल्या जातात. पण वेचायला माणूसबळ फार लागतं. गिऱ्हाईक आधी ठरलेलं असेल तरच या कामात पडावं.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. करडई खालची ओल पार ओढून घेते आणि तिच्या मुळाचे रोग मातीत राहतात. त्यामुळं त्याच रानात लागोपाठ दुसऱ्या वर्षी करडई न घेता ज्वारी किंवा हरभऱ्याचा फेर द्यावा. पहिल्यांदा करणाऱ्यानं सगळं रान न गुंतवता एक एकर करून बघावं. बियाणं वापसा यायच्या आधीच घरात आणून ठेवावं, कारण पेरणीचे चार-आठ दिवस दुकानाच्या खेपांत गेले तर तेवढी ओल परत मिळत नाही.