फ्लोरिडा: आयकर नाही, वादळं आहेत

नोव्हेंबर 1924 मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी राज्यघटनेतच दुरुस्ती करून राज्याच्या आयकरावर आणि वारसा करावर बंदी घातली. बाहेरचे श्रीमंत इथे येऊन राहावेत, हा हेतू उघड होता. 18 सप्टेंबर 1926 ला मायामीवर भयंकर हरिकेन आदळलं. तरी 1920 ची 9.7 लाख लोकसंख्या 1930 ला 14.7 लाख झाली. 2020 ला ती 2.15 कोटी होती!

आपण घसरतो ते इथेच. "कर नाही म्हणून लोक आले" हे थीसिसमध्ये लिहायला फार सोपं. पण जमिनींची तेजी 1924 च्या आधीच सुरू झाली होती. पुढे एसी आले, हायवे आले. आणि कॅलिफोर्नियात आयकर जबर, तरी तिथला किनारा भरलाच की.

नुकसानीच्या आकड्यांचंही तेच. 1992 च्या अँड्र्यू वादळाने सुमारे 2,650 कोटी डॉलरचं नुकसान केलं. मग वादळं जास्त भयंकर झाली का? पील्के आणि लँडसी यांनी 1998 मध्ये जुन्या वादळांचं नुकसान महागाई, संपत्ती आणि किनाऱ्यावरची लोकसंख्या धरून पुन्हा मोजलं. अँड्र्यू दुसरं आलं, पहिलं 1926 चं मायामी.

अँड्र्यूनंतर अनेक विमा कंपन्या बुडाल्या. 2002 मध्ये राज्याने दोन जुन्या योजना एकत्र करून सिटिझन्स ही सरकारी विमा संस्था उभी केली. तिला मोठी तूट आली, तर अधिभार किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्या विमाधारकांवरही बसू शकतो. राज्यांच्या करांची तुलना करताना हा पैसा कुठल्या रकान्यात टाकायचा, यावर मी सध्या अडकलोय.