आमच्या दिंडीचं पाणी

शताब्दीच्या स्मरणिकेत दिंडीचे विणेकरी, चोपदार, अन्नदाते यांच्याविषयी जाणती मंडळी लिहिणार आहेतच. मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. मला म्हणाले, बुवा, तुम्ही पाण्याचं लिहा, कारण दिंडीत बरीच वर्षं पाण्याचं काम तुमच्याकडे होतं. म्हणून हा पाण्याचा इतिहास.

आपण अर्नाळ्याचे लोक पाण्याची किंमत जाणतो. पुढ्यात समुद्र, पण ओंजळभर पिता येत नाही. वाडीतल्या विहिरीचा उपसा जास्त झाला की पाणी मचूळ लागतं. खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या आपल्या किल्ल्यात जुन्या लोकांनी गोड्या पाण्याचं तळं बांधलं, ते उगाच नाही.

माझा आजा वारीला जायचा तेव्हा विरारला गाडी धरून मुंबई, मग पुणे आणि आळंदी. पुढे पंढरपूरपर्यंत पायी. प्रत्येकाच्या खांद्यावर पडशी आणि हातात तांब्या. वाटेत विहीर, ओढा, नदी जे लागेल ते पाणी. वर धोतराचा पदर धरायचा आणि गाळून प्यायचं. आजा सांगायचा, त्या काळी लोकांना वाघाची भीती नव्हती तेवढी पटकीची होती. आषाढीला पंढरपुरात पटकी उठायची आणि परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर गावोगाव जायची. सकाळी पावली खेळलेला माणूस रात्री नसायचा.

कारण साधं आहे. पालखी ज्येष्ठात निघते, तेव्हाच पहिला पाऊस पडतो. रानातली, वाटेवरची सगळी घाण त्या पाण्याबरोबर विहिरीत आणि नदीत उतरते. लाखो माणूस त्याच काठावर बसतं, धुतं आणि तेच पाणी पितं.

पटकीची लस हाफकिन साहेबांनी 1893 पासून आपल्या देशात टोचायला घेतली. परळची संस्था 1899 ची, 1925 पासून तिला त्यांचंच नाव आहे. पुढे वारीच्या वाटेवर टोचणीवाले बसू लागले. आजा म्हणायचा, टोचल्याचा दाखला नसला की अडवायचे, आणि दंड सुजला तरी टाळ सोडायचा नाही. विहिरीत लाल औषध टाकत, पाणी गुलाबी दिसे. जुनी माणसं त्याला नाक मुरडायची, पण प्यायची.

माझ्या हाती पाणी आलं तेव्हा दिंडीकडे ट्रक होता आणि त्यात 200 लिटरची दोन पिंपं. थोरल्या बुवांनी मला तीन गोष्टी शिकवल्या. गढूळ पाण्यात आधी तुरटी फिरवायची आणि गाळ खाली बसू द्यायचा. वरचं निवळ पाणी चार घड्यांच्या कापडातून गाळायचं. मग पावडर. विहिरीवर टाकतात ती टीसीएल पावडर 1000 लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे आपल्या एका पिंपाला अर्धा ग्रॅम. ती वाटीभर पाण्यात कालवायची, चुना खाली बसला की वरचं पाणी तेवढं पिंपात ओतायचं, ढवळायचं आणि अर्धा तास कोणाला हात लावू द्यायचा नाही.

हा अर्धा तासच मी एकदा पाळला नाही. ते लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

तीसेक वर्षं झाली. नीरा ओलांडून आम्ही पुढे गेलो होतो. दिवसभर पाऊस, मुक्कामाला पोचायला रात्र झाली. शेजारच्या विहिरीचं पाणी चहासारखं. मी तुरटी फिरवली. थोड्या वेळाने पाणी काचेसारखं दिसायला लागलं. लोक तहानलेले, म्हातारी माणसं तांबे घेऊन उभी. पावडर ट्रकात सामानाखाली गेलेली. मी म्हटलं, पाणी तर स्वच्छ दिसतंय, माउलीचं नाव घ्या आणि प्या.

दुसऱ्या रात्री सतरा जणांना जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून रात्रभर पाजत बसलो. सोळा जण सावरले. आमच्या आळीतली एक म्हातारी बाय दवाखान्यात ठेवावी लागली. तिची सव्वीस वर्षांची वारी त्या साली चुकली. ती मला एक शब्द बोलली नाही. पुढच्या आषाढीआधी ती गेली. माझ्या कीर्तनात पाण्याचा विषय येतो तेव्हा मला तीच दिसते.

तेव्हा मला कळलं की तुरटी गाळ बसवते, जंतू मारत नाही. डोळ्याला निवळ दिसलं म्हणजे पाणी निर्मळ झालं असं नाही. कापडाचंही तसंच. बांगलादेशात जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळून पाहिलं, त्याचा अहवाल 2003 साली आला. पटकी जवळपास निम्म्याने घटली. म्हणजे आज्याचा पदर खोटा नव्हता, पण अर्धी पटकी उरलीच ना? ती पावडरीने नाहीतर उकळीने जाते. पावडरही उघडी, ओलसर राहिली की तिचा जोर जातो. म्हणून आम्ही ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सगळ्यात वर ठेवायला लागलो. पिंपात तांबे बुडवणं बंद केलं, तोटी बसवली.

आता वाटेवर सरकारी टँकर असतात. आरोग्यवाले नळीत पाणी घेऊन दोन थेंब टाकतात, पिवळं झालं की औषध आहे. तरी काही जण म्हणतात, बुवा, पाण्याला वास येतो. त्यांना मी सांगतो, माउली, तो वास नाही, ती राखण आहे.

आणि चंद्रभागेचं? तिला हात जोडा, स्नान करा, तीर्थ डोळ्यांना लावा. पण तहान तिथे भागवू नका. आई मळली असेल तर तिला धुवायची असते, तिची परीक्षा घ्यायची नसते.

माझ्यानंतर पाण्याचं काम आळीतल्या दोन पोरांकडे दिलंय. शंभर वर्षांत दिंडीने टाळ, वीणा, पताका पुढच्यांच्या हाती दिली. माझ्याकडे देण्यासारखा हा पावडरीचा डबा आणि तो अर्धा तास. पोरांनो, रांग कितीही लांब असो, तेवढा वेळ नामस्मरण करायला लावा, पण थांबवा.

रामकृष्ण हरी.