हरभरा, तीळ आणि हुमुस

मागच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा एक लहानसा प्रसंग या लेखाला निमित्त झाला आहे. आखाती देशात काही वर्षे संसार करून भिलाईस परतलेल्या एका सूनबाईंनी तिळगुळाच्या ताटाशेजारी एक बशी ठेवली. तीत लोण्यासारखा मऊ, फिकट पिवळसर पदार्थ होता व त्यावर तेलाची बारीक धार सोडलेली होती. एका वयोवृद्ध आजींनी तो चाखला आणि त्या म्हणाल्या, "अगं सूनबाई, चव वाईट नाही हो, पण संक्रांतीला हे अरबी चाटण कशाला? आपल्या पदार्थांना काय कमी आहे?" सूनबाई हिरमुसल्या. बशी तशीच राहिली.

आजींचा प्रश्न मला तेव्हाही अनुचित वाटला नाही आणि आजही वाटत नाही. परमुलखात राहणाऱ्या कुटुंबाजवळ स्वतःचे असे फार थोडे उरते. भाषा, सणवार आणि स्वयंपाकघर ही तीन ठाणी राखली, तर बाकीचे निसटले तरी माणूस आपल्या माणसांत राहतो. त्या तिसऱ्या ठाण्यात परका पदार्थ शिरताना पाहून वडीलधाऱ्यांचे मन साशंक झाले, तर त्यात नवल नाही. तथापि त्या बशीत नेमके काय होते, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा आजींच्या प्रश्नाचे उत्तर इतिहासानेच देऊन ठेवलेले आढळले.

त्या पदार्थाचे नाव हुमुस. अरबी भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ केवळ 'हरभरा' असा आहे. पदार्थाचे पूर्ण नाव 'हुम्मुस बि तहिना', म्हणजे तहिना घातलेला हरभरा. तहिना हे वाटलेल्या तिळांचे दाट वाटण होय. हा शब्द 'दळणे' या अर्थाच्या अरबी धातूपासून आला आहे. हरभरा, तीळ, लिंबू, लसूण व मीठ एवढाच हा संसार. यांतील कोणता जिन्नस आपल्या कोठीत नाही?

हरभऱ्याची जन्मभूमी मात्र भारत नव्हे. आजचा आग्नेय तुर्कस्तान व त्याला लागून असलेला उत्तर सीरिया या टापूत सुमारे १०,००० वर्षांपूर्वी मनुष्याने रानटी हरभरा लागवडीखाली आणला. तेथून तो पूर्वेकडे सरकत आला. हडप्पा संस्कृतीच्या काळात तो भारतीय उपखंडात पोहोचला होता. संस्कृतात त्याला 'चणक' व 'हरिमंथ' अशी नावे मिळाली. आज जगात सर्वाधिक हरभरा आपल्याच देशात पिकतो. टपोऱ्या, पांढरट काबुली चण्याचा इतिहास मात्र अलीकडचा आहे. तो अफगाणिस्तानाच्या वाटेने अठराव्या शतकाच्या सुमारास आला, असे मानले जाते, आणि त्या वाटेची खूण त्याच्या नावात राहिली आहे.

तिळाचा प्रवास नेमका याच्या उलट दिशेने झाला. तीळ हे भारतीय उपखंडातच प्रथम लागवडीखाली आलेले पीक आहे. हडप्पा येथील उत्खननात इ. स. पूर्व तिसऱ्या सहस्रकातील जळके तीळ मिळाले आहेत. येथून ते मेसोपोटेमियात गेले व पुढे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले. लिंबाचे मूळही ईशान्य भारताच्या बाजूचे समजले जाते. पश्चिमेकडे त्याचा प्रसार होण्यास अरबांचा मोठा हातभार लागला. सारांश, हरभरा तिकडून इकडे आला आणि तीळ व लिंबू इकडून तिकडे गेले. संक्रांतीच्या ताटाशेजारी ठेवलेली ती बशी म्हणजे आपल्याच तिळाने केलेले माहेरपण होते!

ही सामग्री एकत्र कधी आली? चौदाव्या शतकात कैरो येथे लिहिल्या गेलेल्या अरबी पाकग्रंथांत कुटलेल्या हरभऱ्याचे थंड पदार्थ आढळतात. एकात व्हिनेगर व खारवलेले लिंबू आहे, पण तहिना नाही. दुसऱ्यात तहिना आहे; परंतु आंबटपणासाठी व्हिनेगर असून मसाले व सुका मेवाही आहे, आणि लसूण मुळीच नाही. आजचे साधे रूप पुढील शतकांत सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइन या प्रदेशांतील घरांनी घडविले. आपल्याकडेही याहून वेगळे घडलेले नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' रचला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात डाळी वाटून केलेल्या पदार्थांची वर्णने आहेत. पण आजच्या झणझणीत पिठल्यातील मिरची त्या काळी भारतात नव्हती. ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. ज्याला आपण परंपरा म्हणतो, तीही एकेकाळी नवी नवरी होती.

भिलाईच्या मराठी माणसाला हे सांगण्याची फारशी गरज नसावी. छत्तीसगडात मराठी पाऊल प्रथम पडले ते नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याबरोबर. १७४१ साली भास्करपंतांनी रतनपूरवर स्वारी केली. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी तेथून कारभार पाहिला. रतनपूरच्या रामटेकडीवरील राममंदिर त्यांनीच उभारले. विजयादशमीला सोन्याची पाने देण्याची येथील चालही त्यांच्याच काळातील, असे सांगतात. दुसरी लाट पोलादाबरोबर आली. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या वर्षांत विदर्भातून, खानदेशातून, पुण्याहून आलेली कुटुंबे सेक्टरांतील क्वार्टरांत स्थिरावली. बरोबर पुरणयंत्र आणले होतेच. पण त्याच घरांतून छत्तीसगडी शेजारणीकडून शिकलेली चना भाजी, म्हणजे हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, शिजू लागली. दुर्ग व बेमेतराकडील कन्हार म्हणजे काळ्या जमिनीत हरभरा अमाप. त्या भाजीने आमचे मराठीपण उणे झाले नाही.

मग हुमुसही आपलेच म्हणावे काय? येथे मात्र मी थांबतो. या पदार्थावरून २००८ साली लेबनॉनच्या उद्योजकांनी इस्रायलविरुद्ध तक्रार मांडली, की आमच्या पदार्थाचे नाव दुसरेच वापरतात. जानेवारी २०१० मध्ये इस्रायलमधील अबू घोश या अरब गावाने सुमारे चार टन हुमुस करून जागतिक विक्रम केला. त्याच वर्षी मे महिन्यात लेबनॉनमध्ये १०,४५२ किलो हुमुस करून तो मोडण्यात आला. हा आकडा सहज निवडलेला नव्हता. लेबनॉनचे क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर मानले जाते. हे वाचून प्रथम हसू येते. परंतु १९७५ ते १९९० या यादवी युद्धात त्या चिमुकल्या देशातील लाखो माणसे देशोधडीला लागली, हे आठवले की हसू ओसरते. ज्यांचे घर सुटले, त्यांनी एका बशीत आपला देश मोजून ठेवला. पुरणाची पोळी भिलाईत लाटताना आपण काय जपत असतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्यांचा हट्ट समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून माझे मत असे की हुमुस अवश्य करावे. पण त्यांच्या रीतीने करावे आणि त्यांच्याच नावाने वाढावे. त्या सूनबाईंकडून मिळालेली कृती येथे देतो.

एक वाटी काबुली चणे रात्रभर भरपूर पाण्यात भिजवावेत. सकाळी ते पाणी टाकून, नव्या पाण्यात अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा घालून शिजवावेत. सोड्यामुळे दाण्यांचे आवरण सैल होते. पुरणाला डाळ शिजवतो त्याहूनही मऊ, दोन बोटांत धरताच लोणी व्हावे असा दाणा झाला पाहिजे. वर आलेली साले काढून टाकावीत. अर्धी वाटी सोललेले पांढरे तीळ मंद आचेवर केवळ गरम होईपर्यंत भाजावेत. रंग बदलला तर कडवटपणा येतो. ते थोड्या तेलात अगदी बारीक वाटले की तहिना तयार होते. त्यात दोन लिंबांचा रस घालताच ते मिश्रण घट्ट होऊन आळते. घाबरू नये, चमच्याचमच्याने गार पाणी घालीत फेटावे, म्हणजे ते पांढरे व हलके होते. मग मिठाबरोबर ठेचलेली लसणाची एक मोठी पाकळी व चणे घालून सर्व एकजीव वाटावे. बशीत पसरून मध्ये खळगा करावा आणि त्यात ऑलिव्हचे तेल सोडावे. हिरवी मिरची, फोडणी वा साखर घालण्याचा मोह टाळावा. घातल्यास तोही रुचकर पदार्थ होईल, पण मग त्याला दुसरे नाव द्यावे.

आपले सोडू नये आणि दुसऱ्याचे बिघडवू नये, एवढेच यातून मी शिकलो. पुढच्या संक्रांतीला त्या आजींच्या हाती तिळगूळ देताना मी त्यांना सांगणार आहे, की त्या बशीतले तीळ परके नव्हते. चार हजार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेले आपलेच तीळ होते, आणि ते सासरचे नाव लावून भेटीला आले होते. माहेरवाशिणीला कोणी परत पाठवीत नाही.