घोड्याचा रंग आणि वंशाची नोंदवही

श्रोतेहो, घोड्याच्या रंगांना आपल्या मराठीत जितकी नावे आहेत, तितकी दुसऱ्या फार थोड्या जनावरांच्या रंगांना असतील. काळा तो मुश्की, करडा-पांढरा तो सब्जा; अंग तांबडे पण आयाळ-शेपूट काळी तो कुमेत, आणि आयाळीपासून शेपटीपर्यंत सगळाच तांबूस तो सुरंग. पांढऱ्या व रंगीत ठिगळांचा तो अबलख. चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला तो पंचकल्याणी. यांतील बरेच शब्द लष्कराबरोबर फारशी-तुर्कीतून आपल्याकडे आले, आणि ते केवळ कौतुकाचे शब्द नव्हते. अल्लाउद्दीन खिलजीने, व पुढे अकबराने, फौजेतील घोड्यांना डाग देण्याची आणि त्यांचे वर्णन लिहून ठेवण्याची पद्धत घातली. कारण सरकारी पैशावर ठेवलेला चांगला घोडा विकून हजेरीच्या दिवशी त्याच्या जागी एखादे तट्टू उभे करण्याची लबाडी सर्रास चाले. कारकुनाने 'कुमेत, कपाळावर चांदणी' असे लिहिले की त्या घोड्याची ओळख पक्की झाली. रंग हा तेथे साक्षीदार होता. घोड्याचा बाप कोण, याची त्या कारकुनाला पर्वा नव्हती.

आज ज्या नोंदवहीविषयी बोलावयाचे आहे ती निराळी आहे. ती इंग्लंडात तयार झाली. शर्यतीच्या घोड्यांवर तेथे मोठमोठ्या रकमा लागू लागल्या, तेव्हा खोट्या वंशावळी सांगून घोडे विकणाऱ्यांचाही सुळसुळाट झाला. त्याला आळा घालण्यासाठी जेम्स वेदरबी यांनी इ. स. १७९१ मध्ये 'जनरल स्टड बुक' या नोंदवहीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. शर्यतीची जी जात आपण 'थरोब्रेड' म्हणून ओळखतो, तिचा सारा पितृवंश बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन या पूर्वेकडून आणलेल्या तीन घोड्यांपर्यंत जातो. ज्याची आई व बाप दोघेही वहीत, तेच शिंगरू वहीत. असा या नोंदवहीचा नियम होत गेला. शिंगराच्या नावापुढे त्याचा रंगही लिहिला जाई.

नोंदवही माणूस लिहितो, आणि माणसाच्या सोयी तिच्यात उतरतात, हे शाळामास्तरांना वेगळे सांगावयास नको. आमच्या पिढीच्या कितीतरी मुलांची जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरात १ जून अशी आहे. एवढी मुले एकाच दिवशी जन्मली नाहीत, हे मास्तरांनाही ठाऊक होते. इंग्लंडातील थरोब्रेड शिंगरू एप्रिलात जन्मो की मार्चमध्ये, त्याचे वय १ जानेवारीपासूनच मोजतात. अशा नोंदी खोट्या म्हणता येत नाहीत. त्या कशासाठी केल्या आहेत एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले. हे विसरले म्हणजे काय होते, याची गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभी घडली.

ग्रेगोर मेंडेल यांचे वाटाण्याच्या रोपांवरील प्रयोग १८६६ मध्ये छापले गेले आणि विसरलेही गेले. १९०० मध्ये ते पुन्हा उजेडात आले, आणि इंग्लंडातील शास्त्रज्ञांत दोन तट पडले. केंब्रिजचे विल्यम बेटसन मेंडेलच्या बाजूचे. ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक राफाएल वेल्डन विरुद्ध बाजूचे. मेंडेलचे म्हणणे थोडक्यात असे की, प्रत्येक गुणाचे दोन घटक संततीत येतात, एक आईकडून व एक बापाकडून. त्यांतला एक प्रभावी असला तर दुसरा झाकला जातो; पण नाहीसा होत नाही. पुढच्या पिढीत तसाच झाकलेला जोडीदार मिळाला की तो पुन्हा प्रगट होतो.

बेटसन यांचे एक साहाय्यक होते चार्ल्स चेंबरलेन हर्स्ट. लेस्टरशायरमध्ये बर्बेज येथे त्यांच्या घराण्याची रोपवाटिका होती, व ते स्वतः ऑर्किडची पैदास करीत. हर्स्ट यांच्या मनात आले की, मेंडेलचा नियम घोड्यांना लागू पडतो की नाही हे पाहण्यासाठी नव्याने प्रयोग करण्याचे कारण नाही. शंभर वर्षांचा प्रयोग वेदरबींच्या नोंदवहीत लिहून ठेवलेलाच आहे. त्यांनी खंडामागून खंड चाळले. सुरंग घोडा व सुरंग घोडी यांच्या संयोगापासून झालेल्या हजाराहून अधिक शिंगरांचे रंग त्यांनी मोजले. शेकडा नव्व्याण्णवांहून अधिक शिंगरे सुरंगच निघाली. अर्थ उघड होता. सुरंग हा झाकला जाणारा गुण आहे. दोन्ही घटक सुरंगाचे असल्यावाचून घोडा सुरंग दिसत नाही, आणि म्हणून सुरंग जोडप्यापाशी दुसरे काही देण्यासारखे नसतेच. उलट कुमेत घोड्याच्या रक्तात सुरंगाचा घटक लपलेला असू शकतो. त्यामुळे दोन कुमेतांच्या पोटी एखादे सुरंग शिंगरू निघाले तर घोडीवर संशय घेण्याचे कारण नाही.

हा निबंध १९०५ च्या डिसेंबरात रॉयल सोसायटीपुढे आला. वेल्डन यांनी लगेच हरकत घेतली. त्या उरलेल्या शंभरातल्या एकाचे काय? नोंदवहीत सुरंग जोडप्यांची कुमेत शिंगरेही स्पष्ट लिहिलेली आहेत. नियम असेल तर त्याला अपवाद कसा? हर्स्ट यांच्या बाजूने उत्तर आले की, अपवाद रक्तात नसून नोंदीत आहे. शिंगराच्या पहिल्या केसांचा रंग पुढे पालटतो. मालक घाईने लिहून पाठवितो. कधी बापाचे नावच चुकीचे असते. वेल्डन यांना हे पटेना. आपल्या नियमाला अडचणीची ठरणारी नोंद तेवढी चुकीची आणि सोयीची ती बरोबर, हा कोठला न्याय, असा त्यांचा रोख होता. आणि तो रोख अगदीच गैरवाजवी होता असे नाही. 'सुरंग' या एकाच शब्दाखाली फिकट सोनेरीपासून गडद काळसर तांबड्यापर्यंत नाना छटा दडपल्या जातात, हा त्यांचा आक्षेपही खरा होता.

वेल्डन यांनी पुढचे महिने त्या नोंदवह्यांत घालविले. १९०६ च्या ईस्टरच्या सुटीत ते वुलस्टन या खेड्यात राहावयास गेले. त्या खेड्याजवळच्या टेकडीच्या उतारावर, चर खणून त्यांत पांढऱ्या खडूचा चुरा भरून रेखाटलेली घोड्याची एक प्रचंड आकृती आहे. ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची मानतात. त्या पांढऱ्या घोड्याच्या पायथ्याशी घोड्यांच्या रंगांचा हिशेब चालू असतानाच वेल्डन आजारी पडले, आणि १३ एप्रिल १९०६ रोजी लंडन येथे न्यूमोनियाने वारले. त्यांचे वय अवघे ४६ होते.

निकाल कोणाच्या बाजूने लागला? पुढची पैदास हर्स्ट यांचीच साक्ष देत राहिली, आणि १९९६ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी सुरंग रंगाचे जनुक हुडकून काढले. केसांना रंग देणाऱ्या पेशींना 'काळे रंगद्रव्य तयार करा' असा निरोप घेणारे एक दार असते. सुरंग घोड्यात त्या दाराच्या घडणीत एका ठिकाणी बदल झालेला आहे. निरोप पोचत नाही, आणि पेशी तांबडे रंगद्रव्यच तयार करीत राहते. ज्याच्यापाशी दोन्ही घटक असे आहेत तो आपल्या शिंगराला चालू दार देणार कोठून? वेल्डन यांनी जपलेले अपवाद, बहुतांशी, कारकुनीचे अपवाद होते. एका विद्वान माणसाने छापील नोंदीवर जनावरापेक्षा अधिक विश्वास ठेवला होता.

पण नोंदवही चुकते हे शास्त्रज्ञांना कळले, म्हणून ते नोंदवही राखणाऱ्यांना कळले असे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात तेथील पुष्कळशा घोड्यांच्या वंशावळी नष्ट झाल्या होत्या. १९१३ मध्ये इंग्लंडातील वहीवाल्यांनी नियम केला की, ज्या घोड्याची प्रत्येक शाखा आमच्या जुन्या खंडांतील घोड्यांपर्यंत पोचत नाही, त्याची नोंद होणार नाही. लॉर्ड जर्सी यांच्या नावावरून त्याला 'जर्सी कायदा' म्हणत. दुसऱ्याच वर्षी, १९१४ मध्ये, इंग्लंडची डर्बी जिंकली ती 'दरबार' नावाच्या घोड्याने. त्याच्या मातृवंशात अमेरिकन रक्त होते. तेव्हा डर्बीचा विजेता या वहीच्या दृष्टीने अर्धजातीचा ठरला.

या कथेचा शेवट बडोद्याच्या श्रोत्यांना जवळचा वाटेल. महाराज प्रतापसिंह गायकवाड यांनी १९४५ मध्ये २८,००० गिनी देऊन एक वर्षाचे शिंगरू विकत घेतले व त्याचे नाव 'सयाजीराव' ठेवले. त्याची वंशावळ निर्मळ. १९४७ ची सेंट लेजर त्याने जिंकली. त्याच पागेत 'माय बाबू' हा दुसरा घोडा होता. त्याचा बाप जेबेल, जेबेलचा बाप तुर्बियाँ, तुर्बियाँची आई दुर्बाँ, आणि दुर्बाँचा बाप तोच १९१४ चा 'दरबार'. 'माय बाबू'ने १९४८ मध्ये न्यूमार्केटची 'टू थाऊजंड गिनीज' ही शर्यत जिंकली. त्याच वर्षीची सेंट लेजर अमेरिकन जन्माच्या 'ब्लॅक टार्क्विन'ने नेली. एकाच मालकाच्या पागेतील दोन विजयी घोड्यांपैकी एक वहीत आणि एक वहीबाहेर, हा प्रकार फार काळ टिकण्यासारखा नव्हता. १९४९ मध्ये जर्सी कायदा मागे घेण्यात आला. गंमत अशी की, २००२ मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी आजच्या घोड्यांचे रक्त तपासले, तेव्हा त्या निष्कलंक म्हणविणाऱ्या जुन्या खंडांतीलच मातृवंशांच्या कित्येक नोंदी चुकीच्या निघाल्या.

इंग्लंडात रंग हा नुसता वर्णनापुरता होता. अमेरिकेत तो प्रवेशाची अट झाला. १९४० मध्ये टेक्सासात 'क्वार्टर हॉर्स' या चपळ घोड्यांची संघटना स्थापन झाली. अंगावर ठिगळे असली, किंवा तोंडावर व पायांवर पांढरा रंग ठरीव रेषेपलीकडे गेला, तर शिंगराची नोंद होणार नाही, असा तिचा नियम होता. आईबाप दोघेही वहीत, दोघेही एकरंगी. आणि शिंगरू मात्र अबलख. असे वारंवार होई. कारण पांढऱ्या रंगाचे काही घटक एखाद्या घोड्याच्या अंगी इतके थोडे दिसतात की कपाळावरच्या टिळ्यापलीकडे त्यांची खूण नसते. ते शिंगरू कागदावाचून मातीमोल होई. अशा जनावरांची कदर करणाऱ्यांनी १९६२ मध्ये 'पेंट' घोड्यांची निराळी संघटना काढली. पण तेथेही कालांतराने तोच प्रकार उलट्या अंगाने झाला, आणि अबलख आईबापांचे एकरंगी शिंगरू दुय्यम वर्गात गेले! क्वार्टर हॉर्सच्या संघटनेने आपला पांढऱ्या रंगाचा नियम रद्द केला तो २००४ मध्ये. तोपर्यंत आईबापांची खात्री रक्ताच्या व जनुकांच्या तपासणीने होऊ लागली होती. रंगाची साक्ष काढण्याचे कारणच उरले नव्हते.

या नियमाने नुसता अन्याय झाला असता तरी एक वेळ चालले असते. पण तो निरुपयोगीही होता. अबलखपणाचा एक प्रकार असा आहे की, त्याचा घटक एकाच बाजूने आला तर घोडा सुंदर दिसतो व धडधाकट असतो. दोन्ही बाजूंनी आला तर शिंगरू जवळजवळ संपूर्ण पांढरे जन्मते, त्याच्या आतड्यांत मज्जापेशी नसतात, आणि ते काही दिवसांतच पोटशुळाने मरते. असे दोन घोडे एकत्र आणले तर चारांत एक शिंगरू या दैवाचे. या घटकाचा छडा १९९८ मध्ये लागला. आता केसांच्या मुळांवरून तो तपासता येतो. डोळ्यांनी रंग पाहून घोडा वहीत घेणारा मनुष्य ज्याच्या अंगी हा घटक लपून आहे त्याला आत घेत होता, आणि ज्याच्या अंगावर तो उघड दिसे, त्यालाच तेवढे बाहेर काढीत होता. ज्या संकटाची भीती धरावयाची ते दाराच्या आतच राहिले.

आज पुण्यातही थरोब्रेड घोड्यांची भारतीय नोंदवही राखली जाते, आणि तेथे शिंगराची खात्री जनुकांवरून होते. रंग अजूनही लिहितात. पण तो ओळखीपुरता, खिलजीच्या कारकुनाने लिहिला तसा. रंगाची योग्य जागा बहुधा तीच असावी. श्रोतेहो, आपल्याकडेही घोडा घेताना भोवरे आणि पांढरे पाय मोजणारी मंडळी आहेत, आणि घोड्यांखेरीज इतर ठिकाणीही दाखला आधी व जीव मागून पाहणारी माणसे आहेत. वेल्डनसारखा प्रामाणिक विद्वान या चुकीतून सुटला नाही, मग आपली काय कथा! समोर उभे असलेले शिंगरू आणि हातातील वही यांचे जुळेनासे झाले, तर आधी वही पुन्हा तपासावी, एवढेच या शंभर-दीडशे वर्षांच्या इतिहासातून घेण्यासारखे आहे.