तापमानाच्या जुन्या नोंदी व नगरवृद्धीचा प्रक्षेप

एखादी पोथी हातीं आली म्हणजे तिचा काळ, स्थळ व लेखक यांची चौकशी केल्यावांचून आपण तिच्यांतील एकही ओळ प्रमाण धरीत नाहीं. हवामानाच्या जुन्या दप्तरांसही हाच न्याय लाविला पाहिजे, असें आमचें मत आहे.

उष्णतामापक आपल्या भोंवतालची हवा मोजतो, सबंध प्रांताची नव्हे. ज्या ठाण्याभोंवतीं पूर्वीं मळे होते, त्यास पुढें पेठांनीं व फरसबंदीनें वेढलें म्हणजे नगराची ऊब त्याच्या नोंदींत शिरते. ती मूळ संहितेंतील प्रक्षेपच होय.

हा प्रक्षेप आरंभींच ओळखणारा पुरुष म्हणजे लंडनचा ल्यूक हॉवर्ड. त्याचे लंडनच्या हवामानावरील दोन खंड इ. स. १८१८ व १८२० मध्यें प्रसिद्ध झाले. नगराबाहेरील आपल्या नोंदी त्यानें शहरांतील रॉयल सोसायटीच्या नोंदींशीं ताडून पाहिल्या. तेव्हां शहरांतील रात्र सरासरीनें ३.७ अंश फॅरनहाइट अधिक उष्ण, व दिवस किंचित् थंड, असें त्यास आढळलें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. नगर आहे तेवढेंच राहिलें, तर त्याचे आंकडे चढे असतात, पण वर्षानुवर्षें चढत जात नाहींत; नगर वाढूं लागलें म्हणजेच काळाच्या ओघांत खोटी चढण दिसूं लागते.

शोधनाची रीत आपल्या कोंकणांतच पाहावयास मिळते. मुंबईची कुलाबा वेधशाळा इ. स. १८२६ मधील. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार, म्हणून तेथील चुंबकीय वेध इ. स. १९०४ मध्यें अलिबागेस नेले. परंतु १९०६ पर्यंत ते दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं घेतले गेले, म्हणून जुनी मालिका नवीस सांधतां आली. ते वेध तापमानाचे नव्हते हें खरें. तथापि दोन प्रती शेजारीं ठेवून पाठभेद काढण्याची रीत तीच.

कित्येक म्हणतात, जगाची सारी उष्णतावृद्धि हा नगरांचाच भास आहे. हें ग्राह्य नाहीं. नगरांपासून दूरच्या ठाण्यांवर व समुद्रावरही ती वृद्धि दिसते. प्रक्षेप सांपडला म्हणून पोथी कोणी जाळीत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती एवढीच: जुन्या नोंदवह्या हातीं आल्यास केवळ आंकडे उतरून घेऊं नयेत. यंत्र कोठें होतें, केव्हां हलविलें, शेजारीं काय बांधलें, हे समासांतील शेरे अगोदर जपावे. ते गेले, तर आंकडे राहूनही साक्ष नष्ट होईल.