चार तारा आणि एक वर्गखोली

आमच्या बालपणी शाळेत गायनाचा तास सुरू झाला की मुलांच्या दोन रांगा होत. पहिल्या रांगेत गोड गळ्याची मुले असत आणि दुसऱ्या रांगेत आम्ही. समारंभाच्या दिवशी आम्हांलाही व्यासपीठावर उभे करीत. परंतु ‘तुम्ही नुसते ओठ हलवा’ अशी आधीच ताकीद मिळालेली असे. ती देणारे गुरुजी मनाने कठोर नव्हते. संगीत ही जन्मजात देणगी आहे, ज्याला लाभली त्याने गावे, इतरांनी ऐकावे, ही त्या काळची सर्वमान्य समजूत होती. पुढे सेमिनरीत स्वरलिपी शिकताना आमच्या ध्यानी आले की आमच्या कानात दोष नव्हता. त्याला वळण लावण्याचे कष्ट तेवढे कुणी घेतले नव्हते.

ही समजूत एका लहानशा वाद्याच्या आधाराने मोडून काढण्याचा यत्न कॅनडातील प्राथमिक शाळांत झाला. ते वाद्य म्हणजे युकुलेले. त्याची कथा मुळातून सांगण्याजोगी आहे.

ज्या पोर्तुगिजांशी वसई-गोव्याच्या आपल्या पूर्वजांचा संबंध आला, त्यांचेच मदैरा हे अटलांटिक महासागरातील एक बेट. तेथे ‘मशेत’ नावाचे चार तारांचे छोटे वाद्य घरोघरी वाजत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हलाखीला कंटाळून अनेक मदैरावासी हवाई बेटांवरील उसाच्या मळ्यांत मजुरीसाठी निघाले. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ हे जहाज चारशेहून अधिक माणसांना घेऊन होनोलुलूला पोहोचले. त्यांत मानुएल नुनेस, औगुस्तो दियस आणि जोझे दो एस्पिरितु सांतो हे तिघे लाकूडकाम जाणणारे कारागीर होते. तिसऱ्याच्या आडनावाचा अर्थ ‘पवित्र आत्म्याचा’. हे लोक कोणत्या श्रद्धेत वाढले होते, ते आमच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. या तिघांनी पुढे हवाईतील कोआ वृक्षाच्या लाकडापासून वाद्ये घडविण्यास आरंभ केला आणि मदैराच्या वाद्याला नवे रूप व नवे नाव मिळाले. राजा कालाकौआ याने त्याला राजाश्रय दिला. परदेशी मजुरांचे वाद्य पाहता पाहता हवाईच्या लोकांचे स्वतःचे वाद्य झाले.

१९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात अमेरिकन जनतेने ते ऐकले आणि देशभर त्याचे वेड पसरले. १९४९ नंतर मारिओ मॅकाफेरी या कारागिराने घडविलेली प्लॅस्टिकची युकुलेली लाखोंच्या संख्येने खपली. अतिप्रसाराचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. गिटारचे युग उजाडले तेव्हा युकुलेले हे गंभीर वाद्य नसून मुलांचे खेळणे आहे, असा लौकिक त्याच्या वाट्याला आला होता.

नेमक्या याच सुमारास, १९६७ साली, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील हॅलिफॅक्स शहराच्या शाळांतील संगीतशिक्षणाची धुरा जे. चामर्स डोन या शिक्षकाकडे आली. शहरातील सर्व मुलांना संगीत शिकवावे कसे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. पियानो एकाच मुलाला वाजविता येतो, व्हायोलिन महाग असते आणि त्यातून सुरेल ध्वनी निघावयास बराच काळ जातो. बासरी स्वस्त खरी. परंतु ती तोंडी लावली की गाता येत नाही. युकुलेले मात्र स्वस्त, हलके आणि लहान बोटांना पेलणारे. त्यावर एकेक स्वर छेडून धून वाजविता येते, चारही तारा एकदम छेडून स्वरमेळ साधता येतो आणि गळाही मोकळा राहतो. जगाने खेळणे ठरविलेली वस्तू डोन यांनी पाटी-पेन्सिलीच्या पंक्तीला नेऊन बसविली.

नवशिक्यांच्या वर्गाची रीत समजावून घेण्यासारखी आहे. वर्गात तीस मुले असतील तर जुळवावयाच्या तारा होतात एकशेवीस! शिवाय नायलॉनच्या नव्या तारा आरंभी सैल पडत राहतात. उतावीळ शिक्षकाला हा वेळ वाया गेला असे वाटेल. वस्तुतः मुलांचा कान येथेच तयार होतो. शेजाऱ्याची तार आपल्या तारेशी जुळते की नाही, हे मूल ऐकू लागते. मग पहिला स्वरमेळ. त्यासाठी पहिल्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर एकच बोट ठेवावे लागते. एका बोटाने वाद्य बोलू लागले की मुलाची भीती पळते. दुसऱ्या स्वरमेळासाठी दोन, तिसऱ्यासाठी तीन बोटे. एवढ्या तयारीवर कितीतरी सोपी गाणी साथीसह म्हणता येतात. बोटांची टोके काही दिवस दुखतात, तेवढे सोसावे लागते.

परंतु डोन तेथे थांबले नाहीत. केवळ तारा छेडून गाणी म्हणणे हे त्यांचे ध्येय नव्हते. मुलाने स्वर ऐकावा, गावा, तारेवर शोधावा आणि कागदावर वाचावा, अशी त्यांची अपेक्षा होती. युकुलेले हे साधन, साध्य होते ते संगीताचे अक्षरज्ञान. हवाईच्या रीतीत चौथी तार उंच स्वरात जुळवितात. डोन यांनी ती एक सप्तक खाली आणली. तारा ए, डी, एफ शार्प, बी अशा क्रमाने चढत गेल्या. त्यामुळे धून वाजविण्यास अधिक स्वर मिळाले आणि कागदावर वर चढणारा स्वर वाद्यावरही त्याच क्रमाने सापडू लागला. त्यांनी त्रिकोणी आकाराचे युकुलेलेही योजिले. त्याच्या बाजू सरळ असल्यामुळे लाकूड वाकविण्याची यातायात उरली नाही.

ही पद्धत हॅलिफॅक्सहून देशभर गेली. भरभराटीच्या काळात कॅनडात सुमारे ५०,००० मुले व प्रौढ या पद्धतीने शिकत होते. पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील लँगली येथे पीटर लुओंगो यांनी १९८१ साली विद्यार्थ्यांचा युकुलेले वृंद उभारला. या मुलांनी पुढे हवाईतील वैकिकी येथे जाऊन वादन केले. मदैराहून निघालेले वाद्य कॅनडाच्या वर्गखोल्यांतून फिरून पुन्हा हवाईला आले! याच वृंदात घडलेले वादक जेम्स हिल यांनी डोन यांच्या सहकार्याने २००८ साली शाळांसाठी नवी अभ्यासमाला सिद्ध केली.

येथे एक शंका संभवते. असे वृंद म्हटले की निवड आली. मग दोन रांगा पुन्हा आल्याच ना? काही अंशी हे खरे आहे. मात्र क्रम पाहावा. प्रथम सर्वांच्या हाती वाद्य, मग ज्याला अधिक ओढ त्याला अधिक संधी. आमच्या शाळेत निवड आधी झाली होती आणि शिक्षण नंतर. साऱ्या अन्यायाचे मूळ त्या उलट्या क्रमात होते.

आपल्याकडेही याचा दाखला नाही असे नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांत मेस्त मुलांकडून स्वरलिपी घोटून घेत आणि हाती व्हायोलिन देत. त्या शिकवणुकीतून चर्चचे गायनमंडळ तर उभे राहिलेच, शिवाय मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांना अनेक कुशल वादक मिळाले. खेड्यातील पोराला कागदावरचे स्वर वाचता येतात, हे तेथे शतकानुशतके कुणाला आश्चर्य वाटले नाही. कारण ते कुणीतरी चिकाटीने शिकवीत होते.

आज आमच्या चर्चमध्ये मुले गायला उभी राहतात तेव्हा आमची दृष्टी नकळत मागच्या रांगेकडे जाते. तेथे कुणी नुसते ओठ हलवीत असेल, तर दोष त्या मुलाचा नसतो. त्याच्या हाती एकदा चार तारा देऊन, पहिले बोट कोठे ठेवावे हे दाखविण्याचे काम मोठ्या माणसांकडून राहून गेलेले असते.